शटरगती आणि स्पष्टतेची खोली : फिल्मवरील छायाचित्राचे पुरावा म्हणून वाचन
(खानदेशातील उदाहरणांच्या आधारे)

बीजसंज्ञा : शटरगती, छिद्रमान, स्पष्टतेची खोली, केकी मूस, अजिंठा, क्षेत्रकार्य

प्रास्ताविक

महाविद्यालयांतील इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि भूगोल या विभागांच्या कपाटांत जुन्या छायाचित्रांचे व निगेटिव्हचे खोके असतात. शिलालेख, वाडे, बारव, जत्रा, लोकगीते गाणाऱ्या स्त्रिया, सहली, सर्वेक्षणे असा त्यांचा विषय असतो. शोधप्रबंधांच्या परिशिष्टांत ही छायाचित्रे पुरावा म्हणून जोडली जातात. कागदपत्राची चिकित्सा करताना लेखक कोण, लेखनकाळ कोणता, शाई व कागद कसला, असे प्रश्न आपण विचारतो. छायाचित्राबाबत मात्र 'दिसते ते होते' एवढ्यावर आपले समाधान होते. वस्तुतः फिल्मवरील प्रत्येक छायाचित्रात दोन निर्णय दडलेले असतात : प्रकाश किती वेळ आत येऊ दिला, आणि किती अंतरापासून किती अंतरापर्यंतचे जग स्पष्ट ठेवले. पहिला निर्णय शटरगतीचा, दुसरा 'डेप्थ ऑफ फील्ड'चा. या दुसऱ्या संज्ञेसाठी प्रस्तुत लेखात 'स्पष्टतेची खोली' हा शब्दप्रयोग केला आहे.

आजचा डिजिटल कॅमेरा चित्रासोबतच हे आकडे नोंदवून ठेवतो. फिल्म तसे काही नोंदवीत नाही. त्यामुळे जुने चित्र वाचणाऱ्यास ते आकडे चित्रातूनच काढावे लागतात, आणि फिल्मवर काम करणाऱ्यास ते आधीच ठरवावे लागतात. दोन्ही कामांसाठी लागणारे गणित एकच असून ते शालेय पातळीच्या पलीकडे जात नाही.

छिद्र आणि काळ

फिल्म कॅमेऱ्याच्या शटरच्या चकतीवर १, २, ४, ८, १५, ३०, ६०, १२५, २५०, ५००, १००० असे आकडे असतात. हे छेद होत. १२५ म्हणजे सेकंदाचा १२५ वा भाग. प्रत्येक आकडा आधीच्या सुमारे निम्मा काळ दर्शवितो. भिंगाच्या कड्यावरील आकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे असतात. नवख्यास हे विचित्र वाटतात, कारण आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. हा आकडा म्हणजे भिंगाच्या नाभीय अंतरास छिद्राच्या व्यासाने भागून आलेली संख्या. ५० मिलिमीटर नाभीय अंतराच्या भिंगाचे छिद्र एफ/२ वर २५ मिलिमीटर व्यासाचे असते आणि एफ/१६ वर जेमतेम ३ मिलिमीटरचे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून प्रकाश निम्मा करण्यासाठी व्यास दोनाच्या वर्गमुळाने भागावा लागतो. दोनास १.४ ने गुणत गेल्यास वरील मालिका मिळते.

या दोन मालिका परस्परांना जोडलेल्या आहेत. छिद्र एक पायरी लहान केले तर काळ दुप्पट करावा लागतो. १०० वेगांकाच्या फिल्मवर भर उन्हातील दृश्यासाठी एफ/१६ व १/१२५ सेकंद हा ढोबळ नियम आहे. वैशाखातल्या जळगावात तो प्रकाशमापकाशिवायही सहसा चुकत नाही. तेवढाच प्रकाश एफ/११ व १/२५०, एफ/८ व १/५००, किंवा एफ/५.६ व १/१००० या जोड्यांनीही मिळतो. निगेटिव्हचा काळेपणा चारही वेळा सारखाच येईल. चित्रे मात्र चार वेगळी येतील. ही निवड सर्वांनाच उपलब्ध होती असे नाही. बडोद्यात तयार होणाऱ्या व एके काळी घरोघरी असलेल्या अॅग्फा क्लिक-३ कॅमेऱ्यात शटरगती निवडण्याची सोय नव्हती. सोव्हिएत बनावटीच्या झेनिट-ई मध्ये ती १/३० ते १/५०० एवढीच होती. एखाद्या संग्रहातील चित्रे कोणत्या कॅमेऱ्याची आहेत हे कळले, तर त्या काळी काय शक्य होते आणि काय नव्हते याचा अर्धा उलगडा तिथेच होतो.

एकच मोजपट्टी

अस्पष्टता दोन कारणांनी येते. वस्तू हलली तर तिची प्रतिमा फिल्मवर सरकते. वस्तू फोकसच्या अंतरावर नसेल तर तिच्या प्रत्येक बिंदूची फिल्मवर बिंदूऐवजी बारीक चकती उमटते. ही दोन कारणे पाठ्यपुस्तकांत वेगवेगळ्या प्रकरणांत दिली जातात, परंतु त्यांना एकच मोजपट्टी लागू पडते. ३५ मिलिमीटर फिल्मच्या निगेटिव्हवर सुमारे ०.०३ मिलिमीटरपर्यंतचा फैलाव, नेहमीच्या आकाराच्या छापील प्रतीत, डोळ्यास बिंदूसारखाच भासतो. त्याहून मोठा फैलाव अस्पष्ट दिसतो. म्हणजे 'स्पष्ट' हा शब्द येथे निरपेक्ष नाही. तीच निगेटिव्ह भिंतीएवढी मोठी केली तर स्पष्टतेची खोली आक्रसते.

५० मिलिमीटरचे भिंग ३ मीटर अंतरावर फोकस केले, तर एफ/२ वर सुमारे २.८ ते ३.२ मीटर एवढाच पट्टा स्पष्ट येतो. एफ/१६ वर तो १.९ पासून ७ मीटरपर्यंत पसरतो. छिद्र लहान झाल्याने प्रकाशाचा शंकू निमुळता होतो आणि फोकसच्या मागेपुढेही त्याची चकती लहान राहते, एवढेच यामागील कारण. याच भिंगाला एफ/१६ वर ५.२ मीटरवर फोकस केले की २.६ मीटरपासून क्षितिजापर्यंत सर्व स्पष्ट येते. जुन्या भिंगांच्या नळीवर मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस छिद्रमानांच्या जोडरेघा असत, त्या याचसाठी. त्या रेघांकडे न पाहता आयुष्यभर चित्रे काढणारे बरेच आढळतात.

जवळच्या अंतरावर मात्र हे औदार्य संपते. वस्तू अर्ध्या मीटरवर असेल तर एफ/२ वर स्पष्टतेची खोली जेमतेम १ सेंटिमीटर आणि एफ/१६ वर ९ सेंटिमीटरपेक्षाही कमी भरते. कॅमेरा एक मीटरवर नेला, तर एफ/१६ वरील खोली सुमारे ३८ सेंटिमीटर होते. अंतर दुप्पट, खोली चौपटीहून अधिक. चाळीसगावच्या केकी मूस यांची कामगिरी समजून घेण्यासाठी हा आकडा लक्षात ठेवला पाहिजे.

चाळीसगावचे टेबल

केकी मूस (१९१२-१९८९) यांचा जन्म मुंबईचा. १९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते परतले आणि चाळीसगावच्या रेल्वे स्थानकालगतच्या बंगल्यात त्यांनी जवळजवळ अर्धशतक एकांतात काढले. त्यांच्याविषयी बोलताना रात्रीची पंजाब मेल आणि न आलेली प्रेयसी हीच आख्यायिका प्रथम सांगितली जाते. ती हृद्य आहे. पण तिच्या सावलीत त्यांचे तंत्र झाकले गेले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मूस यांची देशोदेशी ख्याती झाली ती 'टेबल-टॉप' छायाचित्रणामुळे. घरातील साध्या वस्तूंची मेजावर मांडणी करून ते त्यातून दऱ्या, डोंगर, हिमाच्छादित प्रदेश उभे करीत आणि त्याचे छायाचित्र पाहणाऱ्यास ते खरे भूदृश्य वाटे. घराबाहेर क्वचितच पडणाऱ्या माणसाने खानदेशच्या उन्हाळ्यात बर्फ निर्माण करावा, यात गंमत आहेच. पण त्याहून महत्त्वाचे आहे ते हा आभास टिकतो कशावर, हे.

मानवी नजरेला एक गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. दूरच्या विस्तीर्ण दृश्यात अलीकडचे झाड आणि पलीकडचा डोंगर दोन्ही स्पष्ट दिसतात. हातभर अंतरावरील वस्तू पाहताना मात्र तिच्या पुढचे-मागचे धूसर होते. म्हणून छायाचित्रातील स्पष्ट पट्टा अरुंद असेल, तर पाहणारा नकळत ठरवितो की ही वस्तू लहान आणि जवळ आहे. अलीकडे खऱ्या शहराचे चित्र वर-खाली धूसर करून ते खेळण्यासारखे भासविण्याची टूम निघाली आहे. तिचे तत्त्व हेच, फक्त उलट दिशेने वापरलेले. मेजावरच्या डोंगराला डोंगर म्हणून उभे राहायचे असेल, तर पुढच्या खड्यापासून मागच्या शिखरापर्यंत सर्व काही स्पष्ट हवे. एक सेंटिमीटरची खोली त्या डोंगराचा तत्काळ ढिगारा करील.

यावर उपाय मोजकेच आहेत. छिद्र शक्य तितके लहान करावे. कॅमेरा मागे न्यावा आणि निगेटिव्हचा मधला भाग मोठा करावा. अर्थात फिल्मचे कणही त्यासोबत मोठे होतात. पुढची पाटी कलवता येणाऱ्या भात्याच्या कॅमेऱ्यात भिंग किंचित झुकवून स्पष्टतेचा पट्टाच मेजाच्या पृष्ठाला समांतर आडवा पाडता येतो. छिद्र फारच लहान केले, तर विवर्तनामुळे सर्वच चित्र थोडे मऊ होते, ही वरची मर्यादा. या सर्व उपायांची किंमत एकाच नाण्यात मोजावी लागते, ते म्हणजे वेळ. एफ/२ वर १/३० सेकंदात होणारे काम एफ/१६ वर दोन सेकंद घेते. मेजावरच्या दृश्याला ही किंमत परवडते, कारण तिथे वारा नसतो, पान हलत नाही, कोणी मधून जात नाही. शटर कितीही वेळ उघडे ठेवता येते. मूस यांच्या एकांताकडे या दृष्टीने पाहिल्यास तो त्यांच्या कलेची सोयही होता असे म्हणता येईल. त्यांचे घर आज कलादालन म्हणून जतन केलेले आहे. तिथे जाणाऱ्या अभ्यासकाने टेबल-टॉप चित्रांच्या अगदी खालच्या आणि अगदी वरच्या कडेकडे पाहावे. खालची कड किती स्पष्ट आहे यावर त्या चित्राचा सारा विश्वास उभा असतो.

आखाजीचा झोका

मूस यांच्या मेजावर जे शक्य होते ते गल्लीत होत नाही. खानदेशात आखाजीला माहेरी आलेल्या मुली लिंबाच्या झाडाला झोके बांधतात व गाणी म्हणतात. लोकसाहित्याच्या अभ्यासकास या प्रसंगाचे छायाचित्र हवे असते, आणि शटरगती व स्पष्टतेची खोली यांचा सामना याहून स्वच्छ कुठे पाहावयास मिळत नाही.

समजा झोक्याची दोरी ३ मीटर आहे आणि झोका तळापासून १ मीटर उंच जातो. तळाशी त्याचा वेग सेकंदास सुमारे ४.४ मीटर होतो. १/१२५ सेकंदात झोका साडेतीन सेंटिमीटर सरकेल. छायाचित्रकार बाजूने, ५ मीटरवर, ५० मिलिमीटरचे भिंग घेऊन उभा असेल, तर निगेटिव्हवर प्रतिमा सुमारे शंभरपट लहान होते, म्हणजे ०.३५ मिलिमीटरची फरफट. ०.०३ या मोजपट्टीच्या जवळजवळ बारापट. १/५०० वरही ती ०.०९ राहते. पूर्ण स्पष्ट चेहरा हवा असेल तर १/१००० देखील काठावरच आहे.

शिवाय झोका झाडाखाली असतो. सावलीत प्रकाश उघड्या उन्हापेक्षा तीन पायऱ्या कमी धरला, तर १०० वेगांकाच्या फिल्मवर १/५०० साठी एफ/२.८ उघडावे लागेल, आणि ५ मीटरवरील स्पष्टतेची खोली ४.३ ते ६ मीटर एवढी उरेल. बाजूने पाहताना ती पुरते, कारण झोका कॅमेऱ्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर राहतो. आता छायाचित्रकार समोर जाऊन उभा राहिला असे मानू. प्रतिमेची आडवी फरफट जवळजवळ संपते आणि १/१२५ देखील चालून जाते. परंतु झोका मध्यापासून दोन्हीकडे सुमारे सव्वादोन मीटर जातो. तो २.८ पासून ७.२ मीटरपर्यंत येरझारा घालीत राहतो, आणि एफ/५.६ वर स्पष्ट असलेला पट्टा साधारण ३.७ ते ७.५ मीटरचा असतो. पुढे येणारी मुलगी त्यातून बाहेर पडते. बाजूने गेलो तर काळ अपुरा, समोरून गेलो तर खोली अपुरी.

वाट आहे, आणि ती झोक्याच्या गतीतच आहे. दोन्ही टोकांना झोका क्षणभर थांबतो. त्या क्षणी १/६० सुद्धा पुरेसे असते, मग एफ/८ घेता येते आणि मागे गाणाऱ्या बायांचे चेहरेही ओळखू येतात. जाणता छायाचित्रकार म्हणून टोकाची वाट पाहतो. याचा परिणाम अभ्यासकाने ध्यानात घेतला पाहिजे : संग्रहातील झोक्याची बहुतेक स्पष्ट चित्रे वरच्या टोकाची असण्याची शक्यता मोठी आहे. त्यांवरून 'झोके फार उंच घेतले जात' असा निष्कर्ष काढणे म्हणजे शटरच्या मर्यादेला रूढी समजणे होय. आणि मुद्दाम १/१५ वर घेतलेले, दोरी व पदर यांची नुसती रेघ उमटलेले चित्रही खोटे नसते. नृत्य, लेझीम, झोका यांत गती हाच विषय असेल, तर गोठवलेला पाय तिच्याविषयी फार थोडे सांगतो.

लेण्यातील अंधार

अजिंठा प्रशासकीय दृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असले, तरी जळगावहून ते साठेक किलोमीटरवर आहे आणि खानदेशातील महाविद्यालयांच्या अभ्याससहलींचे ते नेहमीचे ठिकाण. लेणे क्र. २६ मधील महापरिनिर्वाणाचे शिल्प सात मीटरांहून लांब आहे. ते डाव्या बाजूच्या भिंतीवर, खांबांच्या रांगेआड आहे, त्यामुळे समोरून मागे सरकत संपूर्ण मूर्ती चौकटीत घेणे अवघड. ती पायांच्या बाजूने तिरकी घ्यावी लागते. समजा पाय २ मीटरवर आणि मस्तक ९ मीटरवर आहे. फोकस कुठे करावा? बहुतेकांचा हात साडेपाच मीटरकडे, म्हणजे मध्याकडे जातो. योग्य अंतर या दोहोंच्या हरात्मक मध्याइतके, सुमारे ३.३ मीटर असते. ५० मिलिमीटरच्या भिंगाला एफ/१६ वर ३.३ मीटरवर फोकस केले असता स्पष्टतेचा पट्टा जवळजवळ नेमका २ ते ९ मीटर येतो. (पाटणादेवी येथील १२०७ चा शिलालेख भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची नोंद देतो. खानदेशच्या अध्यापकास हरात्मक मध्याचे भय वाटू नये.)

आता काळाचा हिशेब. ४०० वेगांकाच्या फिल्मवर त्या मंद प्रकाशात मापक एफ/२ ला १/८ सेकंद दाखवितो असे धरू. एफ/१६ पर्यंत सहा पायऱ्या. काळ चौसष्टपट, म्हणजे ८ सेकंद. पण फिल्म येथे आणखी एक अट घालते. दीर्घ काळात मंद प्रकाश मिळत असता तिची संवेदनक्षमता घटते. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या जुन्या तक्त्यानुसार मापकाचा १ सेकंद प्रत्यक्षात २ आणि १० सेकंद प्रत्यक्षात ५० करावे लागत. तेव्हा आपले ८ सेकंद अर्ध्या मिनिटाहून अधिक होतात. फ्लॅशला तिथे मनाई आहे आणि तिपाईसाठी पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. हातात कॅमेरा धरून १/६० च्या खाली जाणे धोक्याचे. अशा वेळी २८ मिलिमीटरचे भिंग मदतीस येते. त्याला एफ/८ वर ३.३ मीटरवर फोकस केल्यास दीड-पावणेदोन मीटरपासून पुढचे सारे स्पष्ट होते आणि मापकाचा काळ २ सेकंदांवर उतरतो. कठड्यावर कॅमेरा टेकवून तो साधता येतो. त्याबदल्यात पाय मोठे व मस्तक लहान दिसते, आणि अशा चित्रावरून मूर्तीची प्रमाणे मोजता येत नाहीत.

याच लेण्यांत रॉबर्ट गिल यांनी काम केले. मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. लंडनला पाठविलेल्या त्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. १८५० च्या दशकात त्यांनी कॅमेरा हाती घेतला, आणि १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह त्यांची छायाचित्रे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. त्या काळच्या काचपट्ट्यांना सेकंदांचा नव्हे तर कित्येकदा मिनिटांचा प्रकाश लागे. ओल्या कलोडियनची काच तर वाळण्यापूर्वी धुवावी लागे. वाघूरच्या खोऱ्यातील उन्हाळ्यात हे काय असेल याची कल्पना केलेली बरी. गिल १८७९ मध्ये वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. पुढे १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी फिल्मवरच, मंद प्रकाश व दीर्घ काळ यांच्या आधारे, अजिंठ्याच्या चित्रांचे रंग टिपले. दोघांमध्ये सव्वाशे वर्षांहून अधिक अंतर आहे. भिंती जागच्या हलत नव्हत्या ही सोय दोघांनाही सारखीच होती.

रिकामा रस्ता

दीर्घ काळाच्या चित्रांचा सर्वांत मोठा धोका इतिहासाच्या अभ्यासकास आहे. लुई दागेर यांच्या १८३८ मधील पॅरिसच्या प्रसिद्ध चित्रात वर्दळीचा रस्ता निर्मनुष्य दिसतो. बूट साफ करून घेण्यासाठी एका जागी थांबलेला माणूस तेवढा उमटला. चालणारे सर्व पुसले गेले. सेकंदास १.४ मीटर चालणारा मनुष्य दहा सेकंदांत चौदा मीटर जातो आणि काचेवर काहीही ठेवीत नाही. एकोणिसाव्या शतकातील एखाद्या बाजारपेठेचे ओस चित्र पाहून दुष्काळ, प्लेग किंवा उतरती कळा असा तर्क करण्यापूर्वी झाडांची पाने पाहावीत. पाने धूसर आणि भिंती स्पष्ट असतील, तर तिथे गर्दी असूनही ती न उमटण्याची शक्यता आहे.

हेच गणित उलट दिशेने वापरता येते. १० मीटरवरून आडवा चालणारा मनुष्य, ५० मिलिमीटरचे भिंग आणि ३५ मिलिमीटरची फिल्म असेल, तर १/३० सेकंदात निगेटिव्हवर सुमारे ०.२३ मिलिमीटरची रेघ उमटते. १/२५० वर ती ०.०३ च्या आत राहते. मोजणीच्या भिंगातून निगेटिव्हवरील ही फरफट मोजल्यास शटरगतीचा अंदाज निघतो. शटरगती व फिल्मचा वेगांक कळला आणि ऊन की सावली हे दिसत असले, तर छिद्रमान ठरते. छिद्रमानावरून स्पष्टतेची खोली. कुणी मागाहून कातरून जोडलेली आकृती या साखळीत बसत नाही. तिची स्पष्टता तिच्या अंतराशी जुळत नाही.

फिल्मवर आज नव्याने काम करणाऱ्या अध्यापकांसाठी एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. छत्तीस चित्रांच्या गुंडाळीसोबत छत्तीस ओळींचा कागद ठेवावा. जळगावच्या रथोत्सवात रथाच्या चाकाला मोगरी लावण्याचा क्षण टिपला असेल, तर त्यापुढे शटरगती, छिद्रमान, फोकसचे अंतर, भिंग, फिल्मचा वेगांक, घटिका आणि आपण रथाच्या कोणत्या बाजूस होतो, एवढे लिहावे. निगेटिव्हच्या कडेला फिल्मचे नाव व चौकटीचा क्रमांक छापलेला असतो, म्हणून पट्टी कापताना कड सोडून कापू नये. प्रबंधाला जोडताना मुद्रितासोबत ती ओळही जोडावी, आणि चित्र कातरले असेल तर तसे नमूद करावे.